यादीत नसलेलं नाव

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन घेतले आहेत.)

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटतो, म्हणून सुरुवात एका यादीपासून करतो.

समजा, तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. आठ-दहा हजार कर्जदार. पूर्वी कर्जखात्यांची रजिस्टरं कपाटात असायची आणि किल्ली चिटणिसांकडे. मग संगणक आला. मग त्या संगणकाची देखभाल, बॅकअप, माणूस, हे सगळं परवडेना. शेवटी सगळी खाती एका बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर गेली. संस्था महिन्याला भाडं भरते. वसुली अधिकारी सकाळी मोबाइलवर विचारतो, ‘९० दिवसांपेक्षा जास्त थकलेली, पण १८० दिवसांपर्यंतची खाती दाखव.’ (९० ही रेघ मी मनाने काढलेली नाही. बँकांमध्ये हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादित धरतात, तीच इथे घेतली.) यादी येते. तीन नावं. तो गाडीला किक मारतो आणि निघतो.

आता माझा प्रश्न असा, की चौथं नाव नव्हतंच कशावरून?

त्या तीन नावांबद्दल शंका नाही. घरी गेलं की कळतंच की कर्ज खरं आहे, थकबाकी खरी आहे. पण ज्याचं नाव यादीत आलंच नाही, त्याच्या घरी कोणी जात नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीतल्या कुणा एकाला हाताशी धरून एखाद्या मोठ्या कर्जदाराने स्वतःचं नाव फक्त या यादीतून गाळून घेतलं, तर? खातं पुसलेलं नाही, आकडा बदललेला नाही. फक्त हा प्रश्न विचारला की ते नाव येत नाही. वर्ष निघून जातं, आणि पैसे बुडतात ते ठेवीदारांचे. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी म्हणून मुदत ठेव ठेवली, त्यांचे.

आणि दरवेळी लबाडीच असते असंही नाही. सर्व्हरवरचा एखादा इंडेक्स बिघडतो, डेटाचा एक तुकडा दुसऱ्या मशिनवर असतो आणि ते मशिन त्या मिनिटाला बंद असतं. कार्यक्रम नीट लिहिलेला नसेल तर तो मिळालं तेवढं उत्तर देऊन मोकळा होतो. विचारणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही.

डेटाबेस भाड्याने द्यायची कल्पना संशोधनात ठळकपणे आली ती २००२ साली. हाकान हाजिगुमुश, बाला अय्यर आणि शरद मेहरोत्रा यांनी ‘सेवा म्हणून डेटाबेस’ अशी मांडणी केली. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्यातली निम्मी दुनिया हेच करते. तेव्हापासून तीन पात्रं वेगळी झाली: माहितीचा मालक, माहिती सांभाळणारा, आणि प्रश्न विचारणारा. कपाटाच्या काळात ही तिन्ही पात्रं एकाच खोलीत बसायची, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. आता मालक पतसंस्था, सांभाळणारी कंपनी, आणि विचारणारा कधी वसुली अधिकारी, कधी लेखापरीक्षक.

उत्तर आलं की तीन गोष्टी तपासायला लागतात. आलेली प्रत्येक नोंद मालकाचीच आहे ना, हा खरेपणा. जुळणाऱ्या सगळ्या नोंदी आल्या ना, हा पूर्णपणा. आणि हे आजचं उत्तर आहे ना, कालच्या वहीतून काढलेलं तर नाही, हा ताजेपणा. पहिलं सोपं आहे. दुसरं अवघड. तिसरं दिसायला किरकोळ, पण माणसं तिथेच फसतात.

खरेपणा सोपा का, ते सांगतो. डिजिटल सही. मालकाने प्रत्येक नोंदीवर स्वतःच्या गुप्त किल्लीने सही करायची आणि मग नोंद सर्व्हरकडे द्यायची. सर्व्हरने नोंदीत एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो याच तत्त्वावर. कागद कुठूनही येवो, सही तपासली की कळतं हा उतारा खरा आहे. पण ‘या माणसाच्या नावावर गावात एकूण किती गट आहेत’ असं विचारलं आणि समोर चार सहीवाले सातबारे आले, तर चारही खरे असतील, पाचव्याबद्दल त्या चार सह्या चकार शब्द काढत नाहीत.

तुम्ही म्हणाल, कागदाच्या काळात यावर उपाय होता की! बरोबर. पावती पुस्तकाला क्रमांक असतात. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराला क्रमांक असतो. ४१२ नंतर ४१४ आला की विचारायचं, ४१३ कुठे आहे? जुन्या लोकांनी पूर्णपणाचा प्रश्न ओळखला होता आणि सोडवलाही होता. पण तो पूर्ण पुस्तकासाठी. आपण यादी गाळून मागतो. दहा हजार खात्यांतून तीन निवडली की त्यांचे क्रमांक २१७, ४०९०, ८८३१ असे येणारच. मध्ये फटी असणारच. मग कोणती फट प्रामाणिक आणि कोणती लबाडीची, हे क्रमांकावरून कसं ओळखणार?

इथे कल्पना अशी आहे, की क्रमांक खात्याचा घ्यायचाच नाही. ज्या गोष्टीवरून प्रश्न विचारणार, त्या गोष्टीच्या क्रमाने नोंदी लावायच्या आणि शेजार पक्का करायचा. शाळेतली मुलं एका ओळीत, उंचीप्रमाणे, हात धरून उभी करा. मधलं एक मूल काढलं तर दोन हात मोकळे दिसतात. सही मुलावर करायची नाही, धरलेल्या हातांवर करायची.

आठ खाती घेऊ. थकीत दिवसांच्या क्रमाने: १२, ३५, ६०, ८८, ९५, १२०, १५०, २१०. प्रश्न ९० च्या वर, १८० पर्यंत. उत्तर ९५, १२०, १५०. पण सर्व्हरने नुसती ही तीन पाठवायची नाहीत. डावीकडचा शेजारी ८८ आणि उजवीकडचा शेजारी २१० हेही पाठवायचे. ८८ हा ९० च्या आत आहे, २१० हा १८० च्या बाहेर आहे, आणि ८८ ते २१० सलग आहेत हे सिद्ध झालं, की मध्ये काही लपवलेलं असूच शकत नाही. लक्षात घ्या, ‘काही नाही’ हे आपण सिद्ध केलं ते ‘काय आहे’ यावरून. यादीच्या दोन्ही टोकांना मालक एकेक खोटी खुंटी ठोकून ठेवतो, म्हणजे सगळ्यात मोठ्या नोंदीलाही उजवा शेजारी मिळतो.

सलग आहेत हे कसं दाखवायचं? एक पद्धत, प्रत्येक शेजारजोडीवर सही. चालते, पण सह्यांचा ढीग होतो. दुसरी पद्धत जास्त देखणी आहे, ती १९७९ ची, राल्फ मर्कल यांची.

हॅश म्हणजे काय ते आधी दोन वाक्यांत. कितीही मोठा मजकूर घ्या, त्यातून ठराविक लांबीचा एक ठसा काढणारी रीत म्हणजे हॅश. एसएचए-२५६ नावाच्या रीतीचा ठसा ३२ बाइटचा असतो. मजकुरात स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, ठशावरून मजकूर काढता येत नाही, आणि तोच ठसा देणारे दोन वेगळे मजकूर शोधणं व्यवहारात जमत नाही.

आता आठ नोंदींचे आठ ठसे काढा. पहिला-दुसरा शेजारी ठेवून त्या जोडीचा एक ठसा, तिसरा-चौथा यांचा एक, असे चार. त्या चारांचे दोन. त्या दोघांचा एक. हा शेवटचा एकटा ठसा म्हणजे मूळ. (संगणकवाले झाड उलटं काढतात, मूळ वर आणि पानं खाली. सवय होते.) मालक फक्त या मुळावर सही करतो. आठ नोंदी असोत की आठ कोटी, सही एक.

सर्व्हरने पाठवलेल्या पाच नोंदी म्हणजे चौथं ते आठवं पान. वसुली अधिकाऱ्याच्या मोबाइलला मुळापर्यंत पोचायला आणखी काय लागेल? तिसऱ्या पानाचा ठसा, आणि पहिल्या-दुसऱ्या पानांचा मिळून झालेला ठसा. दोनच. बाकी सगळं तो स्वतः काढतो. तिसरा आणि चौथा जोडला, त्याला पहिल्या-दुसऱ्याचा ठसा जोडला, डावी बाजू झाली. पाच-सहा, सात-आठ जोडले, उजवी बाजू झाली. दोन्ही जोडून मूळ काढलं आणि मालकाच्या सहीशी पडताळलं. जुळलं तर यादी खरीही आणि पूर्णही.

सर्व्हरने १२० वाल्याला लपवलं असं समजा. मग त्याला ९५ च्या शेजारी १५० बसवावा लागेल. तसं बसवलं की त्या जोडीचा ठसा बदलतो, वरचा बदलतो, मूळ बदलतं. सही जुळत नाही. सही नव्याने करायची तर मालकाची गुप्त किल्ली लागते, आणि ती सर्व्हरकडे नाही.

खर्च किती? दहा लाख नोंदींच्या झाडाला साधारण २० पातळ्या होतात. म्हणजे उत्तराच्या एकेका टोकाला फार तर २० ठसे, ६४० बाइट. एक कोटी नोंदी असल्या तर २४ पातळ्या, ७६८ बाइट. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या चित्रापेक्षा किती तरी कमी.

हे झाड डेटाबेसच्या प्रश्नांना लावायचं काम २००० साली प्रेमकुमार देवनबू, मायकेल गर्ट्झ, चिप मार्टेल आणि स्टुअर्ट स्टबलबाइन यांनी केलं. सांभाळणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरू नये, ही त्यांची भूमिका. ती मला फार महत्त्वाची वाटते. एरवी आपण करारात अटी घालतो, दंड लिहितो, आणि मग विश्वास ठेवतो. इथे विश्वासाच्या जागी गणित येतं.

हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे असं वाटत असेल तर इंटरनेटच्या नावांची वही बघा. तुम्ही ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहिता, तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कुठल्या तरी सर्व्हरकडून येतो. त्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. नावांचा मालक एक, उत्तर देणारे सर्व्हर भलतेच कुणाचे तरी. म्हणजे आपलीच तीन पात्रं. त्यावर सह्यांची व्यवस्था बसवली, ती डीएनएससेक. आता पेच असा: असलेल्या नावावर आधीच सही करून ठेवता येते. पण कुणी नसलेलं नाव विचारलं तर? ‘असं नाव नाही’ हे तर कुठलाही सर्व्हर म्हणेल. नसलेली नावं अगणित, त्या सगळ्यांवर आधी सही कशी करणार?

तोडगा तोच. नावं क्रमाने लावली आणि शेजारजोड्यांवर सह्या केल्या. वहीत ‘आंबा’ आणि त्यानंतर थेट ‘चिंच’ असेल, आणि कुणी ‘केळी’ विचारलं, तर सर्व्हर सहीची चिठ्ठी दाखवतो: ‘आंबा नंतर थेट चिंच’. केळी मध्ये बसली असती, ती नाही. या चिठ्ठीला एनसेक म्हणतात, ती २००५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकांत आहे. २०१० च्या जुलैमध्ये डीएनएसचा सगळ्यात वरचा भागही सहीखाली आला.

आणि लगेच तक्रार आली. ‘केळी’ विचारलं तर ‘आंबा’ आणि ‘चिंच’ कळले. मग ‘चिंच’च्या पुढचं काहीतरी विचारलं की पुढची जोडी कळते. असं चालत चालत अख्खी वही बाहेर! कंपन्यांना आपल्या आतल्या सर्व्हरांची नावं जगाला दाखवायची नव्हती. म्हणून २००८ मध्ये एनसेक-३ आलं, त्यात नावांच्या जागी नावांचे ठसे क्रमाने लावतात. बरं झालं, पण पुरतं नाही. नावं सहसा अंदाज करण्यासारखी असतात, आणि शब्दकोश घेऊन ठसे काढत बसणाऱ्याला कोण अडवणार?

आपल्या पतसंस्थेतही हाच कोपरा आहे. यादी पूर्ण असल्याचा पुरावा म्हणून ८८ दिवसवाल्याची आणि २१० दिवसवाल्याची नोंद अधिकाऱ्याच्या मोबाइलवर गेली. ८८ वाल्याने अजून रेघ ओलांडलेली नाही. त्याचं नाव वसुलीवाल्याला का दिसावं? गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचते.

यावरचं काम मला विशेष आवडतं, आणि त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. २००५ साली ह्वीह्वा पांग, अर्पित जैन, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कृती रामामृतम आणि किआन-ली तान यांनी शेजारी न दाखवता शेजारी असल्याचं सिद्ध करायची रीत मांडली. मी ती सोपी करून सांगतो.

हॅश ही एकाच दिशेने चालणारी गोष्ट आहे. ठशाचा ठसा, त्याचा ठसा असं खाली उतरत जाता येतं, वर चढता येत नाही. असा जिना मनात धरा. थकीत दिवसांची कमाल मर्यादा १००० मानू. ८८ वाल्या खात्यासाठी मालक एक गुप्त खूण घेतो आणि तिथून १००० वजा ८८, म्हणजे ९१२ पायऱ्या उतरतो. तळाशी जो ठसा येतो तो सहीत गुंफतो. आता अधिकाऱ्याला एवढंच पटवायचं आहे की डावा शेजारी ९० किंवा त्याहून कमी आहे. सर्व्हर खुणेपासून ९० वजा ८८, म्हणजे २ पायऱ्या उतरून तिथला ठसा देतो. अधिकाऱ्याचा मोबाइल तिथून १००० वजा ९०, म्हणजे ९१० पायऱ्या स्वतः उतरतो. दोन आणि ९१०, ९१२. तळाचा ठसा सहीशी जुळला. सर्व्हर आधी किती पायऱ्या उतरला हे अधिकाऱ्याला कळत नाही, म्हणून ८८ हा आकडाही कळत नाही.

आणि शेजारी खरं तर १२० वाला असेल, सर्व्हर त्याला लपवू बघत असेल, तर? मालक १२० साठी ८८० पायऱ्याच उतरलेला आहे. अधिकारी मात्र ९१० उतरणार. म्हणजे सर्व्हरला खुणेच्याही ३० पायऱ्या वरचा ठसा द्यावा लागेल. जिना वर चढता येत नाही. संपलं. उजव्या टोकाला हीच युक्ती उलट दिशेने. मोठ्या आकड्यांसाठी इतक्या पायऱ्या उतरणं जड पडतं, तेव्हा आकड्याचे अंक सुटे करून प्रत्येकाला छोटा जिना देतात, पण त्या तपशिलात शिरत नाही.

आता ताजेपणा. समजा, एका कर्जदाराने काल रात्री सगळे हप्ते भरले. सर्व्हरने आज परवाचं झाड वापरून उत्तर दिलं. नोंदी खऱ्या, यादी पूर्ण, मुळावर मालकाचीच सही. फक्त मूळ परवाचं. अधिकारी त्या माणसाच्या दारात उभा, चार माणसांसमोर, आणि त्याच्या हातात पैसे भरल्याची पावती! उलटंही होतं. ज्याचं नाव आज यादीत यायला हवं, त्याला जुनं झाड वाचवतं.

म्हणून मुळाबरोबर तारीख आणि मुदतही सहीखाली घ्यावी लागते, आणि आजचं मूळ विचारणाऱ्याला सर्व्हरच्या वाटेने नाही, दुसऱ्या वाटेने मिळावं लागतं. डीएनएससेकमध्ये प्रत्येक सहीला मुदत असते. पतसंस्थेत रोजचा हिशेब बंद झाला की मूळ छापून दिवसाच्या कागदांना लावता येईल, सूचना फलकावर चिकटवता येईल. हसू नका. अमेरिकेत शुअरटी नावाच्या कंपनीने १९९५ पासून आपल्या ठशांचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापून घरोघरी गेलेला पेपर परत कोण बोलावणार? त्यामागे स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांचं १९९१ चं काम होतं.

एक अडचण अभियंत्यांची. डेटाबेस डिस्कवर बी-वृक्ष वापरतात, त्यात एका गाठीला शंभर शंभर फांद्या असतात, म्हणून तीन उड्यांत दहा लाख नोंदी गाठता येतात. पण मर्कलची रीत त्यावर सरळ चिकटवली तर प्रत्येक गाठीत बाकीच्या ९९ फांद्यांचे ठसे पाठवावे लागतात. तीन पातळ्यांचे २९७ ठसे, साडेनऊ हजार बाइट. ६४० कुठे आणि हे कुठे! २००६ साली फेइफेई ली आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक गाठीच्या आत एक छोटं मर्कल झाड बसवून ही ओढाताण सोडवली. बाहेरून रुंद, आतून बारीक.

आता इतकं सगळं करायचं नसेल तर स्वस्त पर्याय आहे का? आहे. २००७ साली मिन शिए आणि सहकाऱ्यांनी मांडलेला. मालकाने आपल्या डेटात काही बनावट नोंदी मिसळून ठेवायच्या, सर्व्हरला न सांगता. उत्तरात ज्या बनावट नोंदी यायलाच हव्यात त्या आल्या नाहीत, की चोरी पकडली. दहा टक्के नोंदी बनावट असतील आणि सर्व्हरने कशाही २० नोंदी गाळल्या, तर पकडलं जायची शक्यता जवळजवळ ८८ टक्के. छान वाटतं. पण आपली गोष्ट आठवा. आपल्या यादीतून एकच नाव गाळलं जातंय, तेही विचारपूर्वक, आणि ते नाव खरं आहे हे गाळणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मग ही शक्यता शून्यावर येते. ज्या कंपनीला आळसाने अर्धवट उत्तर द्यायची सवय आहे तिच्यासाठी ही रीत चांगली. लाचेवर तिचा उपयोग नाही.

बेरजांचं थोडक्यात. प्रत्येक गाठीत खालच्या नोंदींची बेरीज लिहून तीही ठशात घेतली, तर ‘एकूण थकबाकी किती’ याचंही सिद्ध होणारं उत्तर मिळतं. त्यापुढचे गुंतागुंतीचे प्रश्न, तीन तक्त्यांची जोडणी, गटवारी वगैरे, यासाठी २०१७ ची व्हीएसक्यूएल ही रचना आहे. तपासणाऱ्याला काम थोडं, पण सर्व्हरला पुरावा तयार करायला उत्तर काढण्यापेक्षा किती तरी जास्त कष्ट. रोजच्या व्यवहारात ती यायला वेळ आहे, असं माझं मत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं मालकाने लिहिलं ते तसंच आलं का, एवढंच सांगतं. पतसंस्थेतल्याच कुणी थकबाकीची तारीख खोटी टाकली, तर झाड ती खोटी तारीखच इमानाने सिद्ध करून देईल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: थकीत दिवस तर रोज एकाने वाढतात. मग रोज रात्री अख्खं झाड नव्याने बांधायचं का?

फार छान पकडलंत. मी सोयीसाठी दिवस घेतले, प्रत्यक्षात तसं करायचं नाही. पहिला न भरलेला हप्ता ज्या तारखेचा, ती तारीख ठेवायची. ती रोज बदलत नाही. ‘९० ते १८० दिवस’ हा प्रश्न मोबाइलच ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असा करून विचारेल. मग ज्याने हप्ता भरला त्याचीच नोंद एका जागेवरून निघून दुसरीकडे जाते, तेवढ्या दोन वाटांवरचे ठसे बदलतात, आणि मुळावर एक नवी सही. पण हेही लक्षात ठेवा की हे झाड तारखेच्या क्रमाचं आहे. उद्या ‘अमुक गावचे कर्जदार’ असं विचारायचं असेल तर गावाच्या क्रमाचं दुसरं झाड लागेल. नाहीतर सगळ्या नोंदी मागवून स्वतः गाळायच्या.

प्रश्न: यापेक्षा ब्लॉकचेन वापरली तर?

तिच्यातही मर्कलचंच झाड आहे. पण ती वेगळ्या दुखण्यावरचं औषध आहे. एकाच वहीत लिहिणारे अनेक, आणि त्यांचा एकमेकांवर भरवसा नाही, तिथे ती. इथे लिहिणारी संस्था एकच आहे, तिची सही पुरते. शिवाय साखळीत नोंद आहे हे कळलं, तरी गाळून मागितलेली यादी पूर्ण आहे का, हा प्रश्न तसाच राहतो. ॲमेझॉनने क्यूएलडीबी नावाचा असाच पडताळता येणारा डेटाबेस आणला होता, २०२५ च्या जुलैअखेर तो बंद केला. त्यातही अमुक नोंद बदललेली नाही हे तपासता यायचं. यादीत काय आलं नाही, ते नाही.

प्रश्न: मी एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे. आमची कंपनी असलं झाड-बीड काही देणार नाही. आम्ही काय करायचं?

तुमची खाती किती? आठ हजार? मग झाड विसरा. रोज रात्री दोनच रकाने उतरवून घ्या, खाते क्रमांक आणि थकीत हप्त्याची तारीख. आठ हजार ओळी म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोहून लहान फाइल. ती संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर ठेवा. सकाळी कंपनीच्या यादीत जितकी नावं, तितकीच या फाइलमध्ये त्या तारखांच्या दरम्यान मोजून येतात का, हे शिपाईसुद्धा बघू शकेल. मात्र ती फाइलही कंपनीच्याच सर्व्हरवरून येते, म्हणून महिन्यातून एकदा दहा-वीस खात्यांच्या तारखा कर्जदारांच्या पासबुकांशी ताडून बघा. आणि ती खाती कंपनीला निवडू देऊ नका. चिठ्ठ्या टाका, नाहीतर सभेत उभं राहून सभासदांनाच नंबर सांगायला लावा.